गाडी पयते तं ठीक, पन थांबते काय?

अमरावती आणि अकोल्याच्या मधला रस्ता जगात पहिला आलेला आहे. जून 2022 मध्ये राष्ट्रीय महामार्ग 53 वर, लोणी ते माना या टप्प्यात, एका लेनचा 75 किलोमीटर डांबरी थर सलग 105 तास 33 मिनिटांत टाकला गेला. गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारचा होता, 25 किलोमीटरचा. त्या आठवड्यात आपल्या सगळ्यांच्या स्टेटसला तोच रस्ता होता.

रस्ता नवा झाला, त्यावरून जाणाऱ्या गाड्या मात्र जुन्याच राहिल्या. माझ्या घरी बाबांची 1991 ची आरएक्स 100 आहे. शेजारी दोन जुन्या स्प्लेंडर, समोर एक पहिल्या पिढीची पल्सर. जुन्या एनएच 6 वर खड्डेच आपला स्पीड गव्हर्नर होते. साठच्या वर कोणी जायचंच नाही, कारण जाता यायचंच नाही. आता मूर्तिजापूरच्या अलीकडे-पलीकडे गाडी सहज नव्वदला जाते. आणि तिला थांबवायला पुढच्या चाकात असतो 130 मिलिमीटरचा ड्रम ब्रेक, तळहातापेक्षा थोडा मोठा. त्याची लायनर कधी बदलली हे मालकाला आठवत नसतं. सायलेन्सर मात्र नवाकोरा, चकचकीत.

म्हणून स्पष्टच लिहितो. जुन्या गाडीवर ज्याने पहिला रुपया सायलेन्सरवर घातला, त्याने परफॉर्मन्स वाढवलेला नाही. त्याने फक्त गाडीचा आवाज वाढवलाय.

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या धंद्यात परफॉर्मन्स हा शब्द असा सैल वापरला तर वरिष्ठ लगेच विचारतात: मोजलं का? आधी किती होतं, नंतर किती झालं, आणि नेमकं कुठे अडत होतं? जिथे अडतच नाही तो भाग कितीही वेगवान केला तरी एकूण काम तेवढ्याच वेळात होतं. हा साधा नियम राजकमल चौकातल्या पोरांना सांगितला की ते माझ्याकडे 'पुण्यात जाऊन बिघडला' अशा नजरेने बघतात. ठीक आहे. पण मग मोजून दाखवा. मित्राला मागे बसवा, मोबाइलवर जीपीएसचा वेग लावा, टॉप गिअरला 40 ते 70 जायला किती सेकंद लागतात ते सायलेन्सर बदलायच्या आधी पाच वेळा आणि नंतर पाच वेळा टिपा. आमच्या मित्रांपैकी तिघांनी हे केलं. आधीच्या पाच नोंदींमध्ये आपसात जेवढा फरक होता, तेवढासुद्धा सायलेन्सरने पडला नाही. तिघांपैकी एक अजूनही म्हणतो की गाडी 'हलकी वाटते'. वाटू दे बापा.

हे असं का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. फोर स्ट्रोक गाडीच्या सायलेन्सरमधली जाळी उपटली की एक्झॉस्टचा अडथळा कमी होतो हे खरं. पण इंजिनात येणारी हवा, कार्बोरेटरचा जेट, कॅमचं टायमिंग हे सगळं तसंच असतं. त्या जुन्या इंजिनाचा श्वास मुळात अडकत होता तो सायलेन्सरमध्ये नाही. टू स्ट्रोकची गंमत तर आणखी वेगळी. आरएक्सचा सायलेन्सर हा नुसता धूर बाहेर टाकणारा पाइप नाही, तो इंजिनाचा भाग आहे. त्याच्या पोटातल्या फुगीर-निमुळत्या आकारामुळे दाबाची एक लाट परत फिरते आणि पोर्टमधून बाहेर निसटू पाहणारं ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलून देते. तो पाइप कापणं म्हणजे ती लाट कापणं. आवाज वाढतो, खालची ओढ जाते, आणि पोरगा म्हणतो, 'आता कशी बोलते नं बे!'

बोलते, पण कोणाशी? अमरावतीत इर्विन चौकात जिल्हा रुग्णालय आहे. तिथून रात्री साडेअकराला जाणारी फटफट आतल्या प्रत्येक पेशंटशी बोलते. 80 ते 175 सीसीच्या मोटारसायकलला कायद्याने चाचणीत 77 डेसिबलची मर्यादा आहे. 10 डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा 10 पट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट जाणवतो. आपली हौस भागवायला सगळ्या वॉर्डाने जागं राहायचं, याला मी तरी मॉडिफिकेशन म्हणणार नाही.

आता आरएक्सवाल्यांकडे वळतो, म्हणजे माझ्याच जातकुळीकडे. ही गाडी 1985 ते 1996 एवढीच अकरा वर्षं बनली. 98 सीसी, साधारण 11 हॉर्सपॉवर, वजन शंभर किलोच्या आसपास. प्रदूषणाचे नियम आले आणि ती गेली. आज बऱ्या स्थितीतल्या आरएक्सच्या जाहिराती लाखाच्या पुढे दिसतात. एवढे पैसे मोजल्यावर माणसाला काहीतरी करावंसं वाटणारच. मग 135 चा ब्लॉक बसवा, पोर्टिंग करा, हेड घासा, फिल्टरची पेटी काढून उघडा गोल फिल्टर लावा, आणि सगळ्यात आवडतं म्हणजे ऑइल पंप काढून टाका.

या शेवटच्या दोन गोष्टींवर मला भांडायचं आहे, कारण त्यांनी वऱ्हाडात जेवढे पिस्टन खाल्ले तेवढे म्हातारपणानेही खाल्ले नसतील.

आधी पंप. यामाहाने या गाडीला वेगळी ऑइलची टाकी आणि ऑटोल्यूब पंप दिला होता. हा पंप इंजिनावर फिरतो आणि थ्रॉटलच्या केबललाही जोडलेला असतो. म्हणजे इंजिन किती फिरतंय आणि तुम्ही किती मूठ पिळलीय, दोन्ही बघून ऑइल सोडतो. पोरं म्हणतात, पंपाचा भरवसा नाही, आपण पेट्रोलमध्येच ऑइल मिसळू. आता हीच गाडी घेऊन चिखलदऱ्याला जा. जाताना ठीक. उतरताना, परतवाड्याच्या दिशेने, मूठ बंद, गाडी गिअरमध्ये, उताराने इंजिन गरगरा फिरतंय. मूठ बंद म्हणजे पेट्रोल जवळपास बंद, आणि ऑइल पेट्रोलमध्येच असल्यामुळे तेही बंद. पंप असता तर मूठ बंद असूनही इंजिनाच्या फेऱ्यांप्रमाणे थोडं ऑइल जात राहिलं असतं. घाटाच्या खाली पोचून गाडी जाम झाली की शिव्या 'डुप्लिकेट पिस्टन'ला. पंपाचा भरवसा नसेल तर पंप दुरुस्त करा. त्याचं सील बदलायला आणि केबलची खूण जुळवायला एक दुपार लागते.

दुसरी गोष्ट जेटची, आणि इथे मला थोडं गणित करू द्या, कारण हे गणित आपल्या हवेचं आहे. पुण्या-मुंबईच्या व्हिडिओत ते सापडत नाही. अकोल्यात मे महिन्याच्या दुपारी 45 अंश असतं. डिसेंबरच्या पहाटे 12. हवा तापली की विरळ होते. केल्विनमध्ये हिशोब केला तर 318 भागिले 285, म्हणजे पहाटेच्या थंड हवेत त्याच आकारमानात साधारण 11-12 टक्के जास्त हवा असते. कार्बोरेटरला हे कळत नाही. तो आकारमान बघतो, वजन नाही. हवा घट्ट झाली तरी पेट्रोल त्या प्रमाणात वाढवत नाही, निम्म्याच प्रमाणात वाढवतो. म्हणजे मे महिन्यात 'बरोब्बर' जुळवलेली गाडी डिसेंबरात 5 ते 6 टक्के लीन चालते, पेट्रोल कमी आणि हवा जास्त. फोर स्ट्रोक हे सहन करतो, थोडा खोकतो. टू स्ट्रोक लीन झाला की तापतो, आणि पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलं असेल तर ऑइलही तेवढंच कमी पोचतं. वर फिल्टरची पेटी काढलेली, त्यामुळे हवा आणखी मोकळी. आणि पहाटेची हवा जास्त असल्यामुळे गाडी त्या दिवशी खरंच सुसाट पळते! मालक खूश होऊन लोणीच्या सरळ पट्ट्यावर मूठ पूर्ण पिळतो. गाडी जन्मातली सर्वांत छान धावते आणि मग मागचं चाक लॉक होतं. क्लचवर बोट नसेल तर पुढचं मी लिहीत नाही.

याउलट चिखलदरा. अमरावती समुद्रसपाटीपासून सुमारे 340 मीटरवर आहे, चिखलदरा 1100 मीटरच्या वर. हवेचा दाब साधारण 9 टक्क्यांनी कमी. तिथे गाडी रिच होते, जड चालते, प्लग काळा पडतो. भीमाने तिथे कीचकाला दरीत फेकलं म्हणतात. आमच्या ग्रुपमधल्या एकाने तिथेच, गाडी 'जड चालते' म्हणून, मेन जेट दोन नंबर लहान बसवला. खाली उतरल्यावर काय झालं असेल ते आधीच्या परिच्छेदावरून तुम्हीच ओळखा.

या सगळ्यावर आता इथेनॉल आलं आहे. पंपावर मिळतं ते पेट्रोल 20 टक्के इथेनॉलवालं. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला एक किलोला 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला साधारण 9. मिश्रणाचा आकडा 13.5 च्या आसपास येतो. म्हणजे तोच जेट, तीच हवा, पण गाडी सुमारे 8 टक्के लीन. नव्या गाडीत सेन्सर असतो, तो पेट्रोल वाढवून घेतो. 1991 च्या मिकुनी कार्बोरेटरला सेन्सर नाही. त्याला फक्त तुम्ही आहात. जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग आणि गॅस्केट 20 ते 30 हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, असं खुद्द पेट्रोलियम मंत्रालयानेच 2025 मध्ये सांगितलं. ज्या गाडीचं रबर तीस वर्षांपूर्वीचं आहे तिच्यासाठी हा सल्ला म्हणजे 'आजच बदल' असा वाचायचा. इथेनॉल पाणीही ओढून घेतं. गाडी महिनाभर उभी राहिली की टाकीच्या तळाशी गंज आणि नळीत चिकट माती. धोरण चांगलं की वाईट यावर भांडायला वेगळा लेख लागेल. उसाच्या पट्ट्याला इथेनॉल आणि कापसाच्या पट्ट्याला काय, हा प्रश्नही तिथेच विचारू. पण टाकीत जे आहे ते आहे. ज्याला आज जुन्या गाडीवर खरंखुरं इंजिनाचं मॉडिफिकेशन करायचं आहे, त्याने एकदोन नंबर मोठा मेन जेट, इथेनॉल सोसणारी पेट्रोल नळी, फ्लोटचं गॅस्केट आणि नळाचं रबर एवढं करावं. चेसिसखाली लपलेलं, कोणाला न दिसणारं, रीलमध्ये न येणारं काम. म्हणूनच कोणी करत नाही.

आता थांबण्याकडे येतो, कारण माझी आवडती मॉडिफिकेशन तिथेच आहेत.

वेग दीडपट झाला की गाडीतली ऊर्जा सव्वादोनपट होते. बऱ्यापैकी ब्रेक असलेली गाडी 60 वरून थांबायला समजा 28 मीटर घेते, तर त्याच ब्रेकने 90 वरून 63 मीटर. मेंदूला कळून हात हलायला एक सेकंद धरा: एकूण 45 विरुद्ध 88 मीटर. म्हणजे जुन्या खड्ड्यांच्या रस्त्यावर ट्रॅक्टर आडवा आल्यावर तुम्ही जिथे थांबला असता, तिथे या जागतिक विक्रमाच्या रस्त्यावर तुम्ही अजून जोरात चालला आहात. हे 'बऱ्यापैकी' ब्रेकचं झालं. झिजलेल्या ड्रमचं गणित मी मुद्दाम मांडत नाही.

अकोल्यात एक मिस्त्री आहेत, नाव लिहू नको म्हणाले. त्यांच्याकडे कोणी गाडी पळवायला आणली की ते आधी स्वतः एक चक्कर मारून येतात आणि उतरता उतरता विचारतात, "भाऊ, गाडी पयते तं ठीक, पन थांबते काय?" गिऱ्हाईक हसतं. ते हसत नाहीत. पुढचं चाक काढून ड्रम हातात देतात आणि म्हणतात, "पाह्य, याच्या आत बोट फिरव." बोटाला कड लागते. वर्षानुवर्षं झिजून ड्रमला खड्डा पडलेला असतो. त्यात नवे ब्रेक शू टाकले तरी ते कडेलाच घासतात, पूर्ण पृष्ठभाग चिकटत नाही. त्यांचा उपाय असा: ड्रम लेथवर लावून गोल करून घ्या. शूवर खडू लावून चाक फिरवा, कुठे घासतं ते बघा, तेवढंच घासा. नवी केबल टाका. आणि ब्रेकचा आर्म असा बसवा की ब्रेक धरतो त्या क्षणी आर्म आणि केबल यांत काटकोन असेल, कारण तिथेच हाताचं बळ पूर्ण उतरतं. मी इंजिनिअरिंगला मोमेंट आर्म चार मार्कांसाठी शिकलो होतो. वापरताना तो पहिल्यांदा बघितला ताजनापेठेच्या एका बोळात. चार वर्षं तीन विषय बॅकलॉग ठेवून जे कळलं नाही ते तिथे दहा मिनिटांत कळलं, यात कॉलेजचा दोष किती हा मुद्दा बाजूला ठेवू.

हे सगळं एका नकली 'रेसिंग' सायलेन्सरच्या पैशात होतं, आणि वर शेगावच्या कचोरीला पुरतील एवढे उरतात.

टायरचं तर कोणी नावच घेत नाही. आरएक्सचं पुढचं टायर जेमतेम अडीच इंची. नक्षी दिसते म्हणून लोक वर्षानुवर्षं तेच वापरतात. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. 2319 असेल तर ते 2019 च्या 23व्या आठवड्यात बनलं. आत्ता उठून आपल्या गाडीचे आकडे बघा, लेख कुठे जात नाही. वऱ्हाडच्या उन्हात सहा-सात वर्षं तापलेलं रबर लाकूड झालेलं असतं, नक्षी कितीही खोल असो. आणि रुंद टायर म्हणजे चांगलं टायर हा दुसरा गैरसमज. बारीक रिमवर रुंद टायर चढवलं की ते मधे फुगतं, जमिनीला नीट टेकत नाही, वळणावर गाडी अडखळते. कंपनीने सांगितलेल्या मापाचं किंवा एक माप मोठं, पण ताजं. एवढंच.

दिव्याबद्दल एकच गोष्ट सांगतो. बल्बला मिळणारा व्होल्टेज 10 टक्के कमी झाला की उजेड जवळपास 30 टक्के कमी होतो. जुन्या गाडीचं अर्थिंग गंजलेलं असतं, स्विचचे पॉइंट काळे. ते साफ करा, रिले टाका; आहे तोच बल्ब नवा वाटेल. त्याऐवजी पांढरा एलईडी लावून समोरच्या सायकलवाल्या म्हाताऱ्याचे डोळे दिपवणारे जे आहेत, त्यांच्याबद्दल जे लिहायचं आहे ते संपादक छापणार नाहीत.

परफॉर्मन्स म्हणजे काय हे मला शहरातल्या पोरांपेक्षा शेतकऱ्यांच्या गाड्यांनी जास्त शिकवलं. दर्यापूर, अचलपूर, बाळापूर, कुठेही जुलैत जा. काळी माती ओली झाली की चाकाला लागते, चाकाबरोबर फिरून मडगार्डमध्ये अडकते आणि दोनशे मीटरवर चाक फिरायचं बंद होतं. म्हणून शेतावर जाणाऱ्या स्प्लेंडरचं पुढचं मडगार्ड उचललेलं किंवा पावसाळाभर काढलेलं असतं. पुढचं स्प्रॉकेट 14 दातांचं असेल तर 13 चं टाकतात: टॉप स्पीड साधारण 7 टक्के गेला, ओढ तेवढीच वाढली. मागे दुधाचे दोन कॅन किंवा फवारणीचा पंप आहे, नव्वदची गरज कोणाला आहे? आपली गाडी नेमकी कुठे अडते हे त्या माणसाने आधी पाहिलं आणि तेवढंच बदललं. आमच्या कंपनीत हे काम करणाऱ्याला 'परफॉर्मन्स आर्किटेक्ट' म्हणतात आणि त्याला भलताच पगार असतो.

दुसऱ्या टोकाचेही काही लोक आहेत, त्यांनाही सोडायला नको. हे 'स्टॉक'वाले. गाडीचा एक स्क्रूसुद्धा मूळचाच हवा, कंपनीने विचार करूनच बनवलीय, हात लावणं म्हणजे पाप. कंपनीने विचार केला होता हे मान्यच. पण तो 1985 च्या रस्त्याचा, 1985 च्या पेट्रोलचा आणि तेव्हाच्या ट्रकच्या वेगाचा. त्यातलं एकही आज उरलेलं नाही. मूळ ड्रम ब्रेकची पूजा करायची असेल तर घरात शोकेसमध्ये करा, मूर्तिजापूर बायपासवर नको. 2001 च्या नोव्हेंबरात पल्सर आली तेव्हा पुढे 240 मिलिमीटरची डिस्क घेऊन आली. बजाजला कळलं होतं की गाडी जोरात जाणार असेल तर जोरात थांबलीही पाहिजे. हे मूळपणाच्या भक्तांना अजून कळायचं आहे.

आणि आता कायदा, कारण खरा राग तिथे आहे.

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 म्हणतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि कंपनीने ठरवलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आणली. आवाज आणि धुराचे नियम मोडले तर 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद वेगळीच. कायदा कडक आहे याबद्दल माझी तक्रार नाही. 135 चा ब्लॉक बसवून आरसीवर 98 सीसी ठेवणाऱ्याला दंड झालाच पाहिजे. अपघात झाला तर विमा कंपनीला हात झटकायला तो आयतं कारण देतो, आणि भोगतं समोरचं कुटुंब. पोलिसांनी राज्यातल्या किती तरी शहरांत जप्त सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवर रोड रोलर फिरवला. व्हिडिओ छान निघतात. दुसऱ्या दिवशी तोच पाइप दुकानात टांगलेला असतो, पण तरी चालू दे.

माझी तक्रार ही आहे की या कायद्याला फटफटणारा पाइप आणि वाढवलेला ब्रेक यांतला फरक सांगता येत नाही. एखाद्याने आपल्या आरएक्सला नीट काम करून पुढची डिस्क लावली, फोर्क, चाक, मास्टर सिलिंडर सगळं एकाच गाडीचं, उंची आणि स्टेअरिंगचा कोन जुळवून, तर त्याने कायदा मोडला की पाळला? प्रमाणपत्रात इंजिन नंबर असतो, सीसी असते, गाडीचा रंगसुद्धा असतो. ब्रेकचा रकानाच नाही. म्हणजे उत्तर कायद्यात नाही, त्या दिवशी चौकात उभ्या असलेल्या हवालदाराच्या मनात आहे. मग जबाबदार मिस्त्री म्हणतो, नको ती भानगड. आणि ते काम जातं अशा माणसाकडे जो दुसऱ्याच गाडीचा फोर्क वेल्डिंग करून बसवून देतो.

एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या मोटारसायकलला एबीएस आणि त्याखालच्या गाड्यांना निदान दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी सीबीएस सक्तीची आहे. सरकारने हा नियम केला याचा अर्थ सरकारलाच मान्य आहे की आधीचे ब्रेक आजच्या रस्त्याला पुरत नाहीत. मग त्या आधीच्या गाड्यांचं काय? त्या रस्त्यावर आहेत. 15 वर्षांनंतर दर पाच वर्षांनी सरकार त्यांची नोंदणी नव्याने करून घेतं आणि त्याची फी घेतं: 2022 पासून मोटारसायकलला 1,000 रुपये, 20 वर्षांच्या वरच्या गाडीला 2025 पासून 2,000. गाडी तपासायला समोर आणलेली असतेच. त्याच दिवशी तिला ब्रेक मारून किती मीटरवर थांबते ते बघा आणि प्रमाणपत्रावर लिहा. ब्रेक, टायर, दिवा या तीन गोष्टींत मालकाने सुधारणा केली असेल तर ती तपासून नोंदवून घ्या. फी हवी तर आणखी पाचशे घ्या, मी रांगेत पहिला उभा राहतो. 135 चा ब्लॉक दिसला तर तिथेच अडवा. गावोगावच्या ज्या मिस्त्र्यांना ड्रम गोल करता येतो, त्यांना आयटीआयमार्फत परीक्षा घेऊन परवाना द्या, आणि अशा कामाच्या बिलावर त्यांची सही लागू दे. लोणीचा रस्ता पाच दिवसांच्या आत टाकणाऱ्या व्यवस्थेला हे जमणार नाही असं मला वाटत नाही.

बाबांच्या गाडीचं नूतनीकरण 2026 मध्ये आहे. फॉर्म 25 च्या मागे ड्रमच्या लेथकामाचं, नव्या शूंचं आणि टायरचं बिल जोडून देणार आहे. खिडकीवरचा माणूस ती कागदं काढून परत देईल बहुतेक. मी पुन्हा आत सरकवीन.